जमिनीवरून उठताना

गेल्या वर्षी आई न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही, पण आम्ही इतके घाबरलो की तिचं खाली बसणंच बंद करून टाकलं. अकोल्याहून बहिणीनं उंच खुर्ची पाठवली, मी कंबरेचा पट्टा आणला, बायकोनं भाजी निवडायचं काम काढून घेतलं. आई दिवसभर त्या खुर्चीत बसून खिडकीखालच्या, राजापेठेतल्या रस्त्यावरच्या गाड्यांचा गोंगाट ऐकायची. पावसाळा सरेपर्यंत तिची अशी गत झाली की पलंगावर कूस बदलायलाही हाक मारावी लागे. वय झालं, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

आमचं घर महानुभाव पंथाचं. आई दरवर्षी रिद्धपूरला यात्रेला जाते आणि तिथल्या पवित्र स्थानांपुढे जमिनीला कपाळ टेकवते. या वर्षी मी म्हणालो, खुर्ची सोबत नेऊ, बसल्या बसल्या हात जोड. मला वाटलं, मी फार समजूतदारपणे बोललो.

"खुर्चीत बसून दंडवत घालू काय? त्यापेक्षा मले नेऊच नको."

त्यानंतर ती कुणाशी धड बोलेना. जेवणावरचं मनही उडालं. मला तिचा रागही आला आणि तिची काळजीही वाटली. शेवटी बायकोनं गल्लीतल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीला घरी बोलावलं.

तिनं सतरंजी अंथरायला लावली आणि आईला गुडघ्यांवर बसवून उठायला सांगितलं. आईनं ओठ मिटले, चेहरा लाल झाला, आणि ती पुन्हा खाली बसली.

"आजी, श्वास कावून रोखता?"

"मनात नाव घेतो ना. उभं होईस्तोर सोडत नाही."

ही तिची जन्माची सवय. बादली उचलायची असो की फळीवरचा डबा काढायचा असो, आई मनात देवाचं नाव घेणार आणि काम होईपर्यंत श्वास धरून ठेवणार. मुलीनं सांगितलं, पोट, कंबर आणि पाठ मिळून अंगातच एक पट्टा असतो. उठताना श्वास सोडला, बेंबी आत ओढली, की तो आवळतो. बाहेरचा पट्टा बांधून आणि खुर्चीत बसून तो आळशी झालाय. मग ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही दाखवा बरं आजीला."

मी ऐटीत खाली बसलो आणि सोफ्याचा पाय धरून, कण्हत उठलो.

कित्येक दिवसांनी आई हसली. "बाई, याले बी शिकव. याचं पोट मोठं आहे, पण कामाचं नाही."

तेव्हापासून रोज सकाळी मायलेक सतरंजीवर. उताणं झोपून पाय उचलायचे, रांगल्यासारखं होऊन पाठ सरळ ठेवायची. मी कुरकुरत करायचो, आई मन लावून करायची. तिला सगळं जमलं, फक्त उठताना श्वास सोडणं तिच्या लक्षात राहीना. मी बाजूला बसून ओरडायचो, "सोड, सोड!"

"तू वरडतं, तं मी अजून रोखतो," ती चिडून म्हणाली.

आणि एके दिवशी तिनं स्वतःच तोड काढली. मनातल्या नावाऐवजी आमच्या पंथातला नमस्कार ओठांवर आणला. उठता उठता मोठ्यानं "दंडवत" म्हणाली. आवाज बाहेर पडला, त्याच्यासोबत श्वास गेला, आणि आई उभी. पट्टा त्याच दिवशी माळ्यावर गेला. पुढं ती कूस बदलताना, दुधाचं पातेलं उचलतानाही "दंडवत" म्हणायला लागली. घरात सारखा नमस्कार चालू. मला तो आवाज फार आवडतो.

रिद्धपूरला मी तिच्या मागं दोन्ही हात पुढं करून उभा राहिलो.

"हात मांगं घे," ती म्हणाली.

तिनं गुडघे टेकले, कपाळ टेकवलं, आणि बराच वेळ तशीच राहिली. पुढं होऊन उचलावं का, असं वाटत असतानाच खालून स्पष्ट "दंडवत" ऐकू आलं, आणि आई पदर सावरत उभी राहिली. कुणाचा हात नाही, कशाचा आधार नाही. माझे डोळे भरून आले. ते तिला दिसू नयेत म्हणून मीही घाईनं डोकं टेकवलं.

टेकवलं खरं, पण उठवेना. धरायला सोफा नव्हता. वर बघितलं तर आई शेजारी उभी, हात मुद्दाम पाठीमागं घेतलेले.

"श्वास सोड, बाबू. पोट आत घे."

मी सगळा जोर लावून "दंडवत" म्हणालो आणि उठलो. आईनं माझ्या गुडघ्यांची माती झटकली.

"आता पुढच्या साली माह्या मांगं नको उभा राहू," ती म्हणाली. "बाजूले राह्य."