जिप्सीतली मॅट

फौजेत मी एक मूर्खपणा केला, आणि त्या वेळी मी त्याला टर्नआउट, म्हणजे नीटनेटकेपणा, म्हणत होते. जिप्सीत ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट सरकू नये म्हणून सुतळीने बांधलेली होती. ती सुतळी मी कापायला लावली. कारण एकच, दिसायला बरी नव्हती.

तेव्हा मी चोवीस वर्षांची लेफ्टनंट. आर्मी सर्व्हिस कोअर, पोस्टिंग पुणे. फलटणच्या उसातून उठून खांद्यावर दोन स्टार आलेले. वारं प्यालेली कालवड कशी चालते, तशी मी चालायचे. फरक इतकाच, की कालवड दर दहा मिनिटांनी डोक्यावरची बेरेट नीट करत नाही.

सातारा-सांगली भागातल्या माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या अडचणी गावोगाव जाऊन ऐकायच्या, असं काम निघालं. मराठी येतं म्हणून मला पाठवलं. पुढे माझी जिप्सी, मागे थ्री-टन ट्रक. ट्रकमध्ये सुभेदार साहेब. जिप्सीवर ड्रायव्हर नाईक धनाजी, आटपाडीचा.

धनाजी रोज पहाटे साडेपाचला गाडी तपासायचा. तेल, पाणी, टायर, ब्रेक, शेवटी मॅट. मॅटच्या मागच्या कडेला दोन भोकं पाडून त्याने ती सीटच्या पायाला आवळली होती. ओढून बघायचा, मगच चहाला जायचा.

साताऱ्याच्या कॅम्पमध्ये सीओ, म्हणजे आमचे कमांडिंग ऑफिसर, आठ वाजता गाड्या बघणार होते. साडेसहाला टायरना काळं पॉलिश मारून झालं होतं. मी आत डोकावले.

"हे काय बैलगाडीसारखं बांधलंय? कापा ती सुतळी. आणि मॅटवर डिझेलचं फडकं फिरवा. चमकली पाहिजे."

"मॅडम, मॅट सरकती. लय बेकार सरकती."

"इन्स्पेक्शन झालं की बांधा."

"जी, मॅडम."

सीओ आले, चार मिनिटं थांबले. "गुड टर्नआउट," म्हणाले. मी इतकी फुगले, की तिथल्या तिथे मूव्हची ऑर्डर दिली. धनाजी सुतळी हातात घेऊन उभा होता.

"दोन मिन्टं द्या, मॅडम."

"पाचगणीत माणसं ताटकळलीत. संध्याकाळी बांधा."

पाचगणीचं काम आटोपून दुपारी २ वाजून १० मिनिटांनी आम्ही पसरणी घाटाने वाईकडे उतरायला लागलो. एका उतारावर धनाजी बोलला. आवाज रोजचाच.

"मॅडम, ब्रेक दबंना. मॅट खाली गेली."

त्याने टाचेने मॅट मागे ओढून पाहिली. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला. गाडी थांबेना. डावीकडे, माझ्या बाजूला, दरी. समोरून, अजून लांब, एसटी चढत होती.

"पाय वर घ्या. डोकं खाली."

त्याने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि गाडी डोंगरावर घातली. स्वतःच्या बाजूने.

"अल्फा टू फॉर अल्फा वन. गाडी दिसत नाही. लोकेशन सांगा. ओव्हर."

मागच्या ट्रकमधून वायरलेसवर सुभेदार साहेब तीनदा बोलले. सेट माझ्या मांडीवर पडला होता. कुठलं बटण दाबायचं ते मला आठवेना. ट्रेनिंगमध्ये सिग्नलच्या पेपरात मी पहिली आले होते. मी मॅटकडे बघत बसले. पुढे सरकून ती पेडलखाली दुमडली होती. अजून चमकत होती.

मला खरचटलं. धनाजी वाई यायच्या आत गेला. एकतीस वर्षांचा होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. पहिल्या मसुद्यात कारण लिहिलं होतं: चालकाचा निष्काळजीपणा, मॅट बांधलेली नव्हती. एका सीनिअरने मला बाजूला घेतलं. "यंग आहेस. विचारतील तेवढंच सांग." एक दिवस मी तसंच केलं, हेही इथे लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी उभी राहिले आणि सांगितलं, की सुतळी माझ्या हुकमाने कापली, डिझेल माझ्या हुकमाने लावलं, त्याने दोनदा सांगून पाहिलं होतं. मसुदा बदलला. धनाजीवरचा ठपका गेला. मला सिव्हिअर डिस्प्लेजर, म्हणजे वरिष्ठांची कडक लेखी नापसंती, मिळालं. ते योग्यच होतं.

आता मॅटला कंपनीचेच हुक येतात. तरी कुणाच्याही गाडीत बसण्याआधी मी ड्रायव्हरच्या पायाशी वाकून मॅट ओढून बघते. नातवंडं म्हणतात, आजी बॉम्ब शोधतीय. गुडघे कुरकुरतात, पण वाकते.

इन्क्वायरी संपल्यावर मी आटपाडीला गेले. धनाजीची आई उंबऱ्यात बसून मटकी निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, रिपोर्ट द्यावा तसं, वेळांसकट. तिचा हात सुपात हलत राहिला. मग तिने विचारलं, "त्यो न्हाई म्हनला हुता का?"

"दोनदा."

हात थांबला. तिने मला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं.

"ल्हानपनापास्नं माझं एक ऐकलं न्हाई त्यानं. तुमचं मातुर ऐकलं."