ज्यानं भरीत कधी चाखलं नाही

भाभींचा, म्हणजे पारसच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी धुळ्यात एका बियाणे-दुकानदाराकडे बसलो होतो. पारसच्या छातीत दुखलं, दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. धुळे ते जळगाव रस्ता मी कसा कापला, मला आठवत नाही. सकाळीच तो फोनवर माझ्यावर खेकसला होता, की करार नीट वाचल्याशिवाय कुणाला शब्द देऊ नकोस. ते खेकसणं अजून कानातून जात नाही… आणि जाऊही नये असं वाटतं.

आम्ही कॉलेजपासूनचे दोस्त. तो पिंप्राळ्यातला मारवाडी जैन, मी असोद्याच्या शेतकऱ्याचा पोरगा. दोघांनी मिळून बियाण्याची छोटी कंपनी काढली आणि आमचं नाव झालं ते भरताच्या वांग्यावर. गंमत अशी, की जैन म्हणून पारसनं जन्मात वांगं खाल्लं नव्हतं. पण दुकानदारासमोर चवीचं असं वर्णन करायचा, की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. मी चिडवलं की शांतपणे म्हणायचा, तू खातोस ना, मग झालं.

हे वांगं असोद्याच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेलं. माझी चुलती, अक्का, त्यांच्यात मोठी. पारस पहिल्यांदा बी घ्यायला आला आणि ओसरीवर त्यानं सरळ भाव विचारला. अक्का म्हणाली, "बी इकत नही भाऊ. जो नेतो त्यानं पह्यल्या तोड्याची वांगी आनाची आन् आमच्या पंगतीत बसून भरीत खायाचं. मंग फिटलं."

पारस चांगलाच पेचात पडला. तो धर्म मोडणार नव्हता आणि फुकटही नेणार नव्हता. हात जोडून म्हणाला, "अक्का, मला खाता येत नाही. म्हणजे माझं कधी फिटणारच नाही. मी दरवर्षी देत राहीन, चालेल?" बायका हसल्या. त्यानं मात्र ते खरं केलं. विक्रीतला हिस्सा दर हंगामाला त्यांच्या गटाकडे जायचा आणि पारसही पंगतीत येऊन बसायचा. मी कुरकुरलो तर म्हणायचा, हा दानधर्म नाही, बाबा. त्यांनी जपणं सोडलं तर उद्या आपण विकणार काय?

यंदा एका मोठ्या कंपनीनं हे वाण मागितलं. पारसनं अट घातली, की असोद्याचा हिस्सा करारात हवा आणि बायकांना बी राखायची मोकळीक हवी. त्यावर तो कितीतरी महिने अडून बसला. शेवटी ते तयार झाले… आणि सहीआधीच हा गेला. तिसऱ्या दिवशीची शोकसभा, उठावणा, झाल्यावर नवा मसुदा आला, त्यात ते कलमच नव्हतं. फोनवरचा माणूस फार गोड बोलत होता. पारसभाऊ आता नाहीत, तर आपण सोपं करून टाकू, म्हणाला.

पारसच्या जागी आता सही भाभींची लागणार होती. त्या सौद्यावर त्यांचं घर सावरलं असतं, मुलीचं शिक्षण व्हायचं होतं. त्यांनी सगळं वाचून विचारलं, "ह्यात असोदा कुठे आहे?" मी म्हणालो, नाही. "मग ह्यांच्या जागी मी सही कशी करू?" त्यांनी मसुदा माझ्याकडे सरकवला. त्या रडल्या नाहीत. मला मात्र आवरलं नाही.

हे सांगायला असोद्याला गेलो. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं चाललं होतं. सौदा मोडल्याचं ऐकून अक्कानं ताटं मांडली. चुलीपाशी एक छोटं पातेलं वेगळं ठेवलेलं दिसलं. त्यात मुगाची डाळ होती, कांदा-लसूण न घातलेली. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला. "सवईनं केल्या गेली रे…"

त्या पातेल्याला कुणी हात लावेना. मग मी भरताचं ताट बाजूला सारलं आणि ती डाळ वाढून घेतली. मीठ कमी होतं. त्याला तसंच लागायचं.