पूर्णेतली कॉर्नवॉलची करंजी

इंग्लंडला एकदाही न जाता इंग्लंडच्या आठवणीनं ज्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, असा माणूस या पृथ्वीतलावर एकच होऊन गेला, आणि तो पूर्णा जंक्शनवर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होता. माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमच्याकडच्या रीतीनं आमचे मामा. वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटर. इकडं परभणी आणि तिकडं नांदेड, यापलीकडं त्यांनी पाऊल टाकलेलं मला तरी माहीत नाही. पण जेवायला बसले की "आमच्याकडं यॉर्कशरला..." अशी सुरुवात व्हायची, आणि नवख्या माणसाला वाटायचं, यॉर्कशर हे वालूरच्या पुढं, एसटीच्या शेवटच्या थांब्यावरचं गाव असावं. एकदा पालमच्या एका म्हाताऱ्यानं खरोखर विचारलं होतं, "तिकडं औंदा पाऊसपाणी कसं हाय?" मामांनी जराही न अडखळता सांगितलं, "तिथं पावसाला तोटा न्हाई. धुक्याचा तेवढा तरास."

या वेडाचं मूळ त्यांच्या वडिलांत होतं. निजामाच्या अमदानीत स्टेशनजवळ एका इंग्रज इंजिनियरचा बंगला होता आणि मामांचे वडील तिथं खानसामा होते. गावात त्यांच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं, आणि बंगल्यावर त्यांच्या हातचं जेवल्याशिवाय कुणाला झोप येत नव्हती. साहेब कॉर्नवॉलचा, मेमसाहेब यॉर्कशरची. दोघांचं इतर सगळ्या बाबतीत पटायचं, ताटावरून मात्र जन्मभर वाजलं. सोमवारी त्याच्या आईच्या हातचं, मंगळवारी तिच्या आईच्या हातचं, असं ठरवून ते खानसाम्याकडून करवून घेत, आणि उरलंसुरलं संध्याकाळी डब्यातून मामांच्या घरी येई. त्यामुळं आपल्याला लहानपणचं पिठलं आठवून उमाळा येतो, तसा मामांना पुडिंग आठवून यायचा. त्यात ढोंग मुळीच नव्हतं. ते सगळे पदार्थ त्यांच्या घरचेच होते, काय करणार!

सुट्टीत मी परभणीहून पॅसेंजरनं पूर्णेला जायची ती या प्रयोगांसाठीच. क्वार्टरच्या मागच्या अंगणात मामांची भट्टी होती, म्हणजे तेलाचा रिकामा डबा आडवा करून खाली निखारे, वर निखारे. यॉर्कशरचं पुडिंग म्हणजे अंडी, दूध आणि मैदा फेटून धूर निघेपर्यंत तापलेल्या तुपात ओतायचं, की ते म्हणे टम्म फुगून टोपीसारखं उभं राहतं. फुगेपर्यंत डबा उघडायचा नाही, हा मेमसाहेबांचा कायदा. मामांनी त्याला स्वतःची कलमं जोडली होती. कुणी पळायचं नाही, दार आपटायचं नाही, शिंक आली तर गल्लीत जाऊन द्यायची. आम्ही सगळे श्वास धरून बसलेलो, आणि नेमकी त्याच वेळी हिंगोलीकडून मालगाडी यायची. सगळं क्वार्टर थरथरायचं. मामा डब्याकडं बघत कपाळाला हात लावायचे, "बसलं! परत बसलं!" आत्या सुपात ज्वारी पाखडता पाखडता म्हणायची, "धिरडं हाय ते. तव्यावर टाकलं असतं तर एव्हाना खाऊन मोकळं झालो असतो."

आत्याचं आणि इंग्लंडचं हाडवैर. लँकशरला म्हणे मातीच्या भांड्यात खाली मटण, वर बटाट्याच्या चकत्या घालून तासन्‌तास शिजवतात, त्यात मिठाशिवाय फारसं काही नसतं. मामा ते मांडून शेडला गेले, की आत्या झाकण उचलून मूठभर येसर टाकायची. येसर म्हणजे आमच्याकडचा भाजक्या डाळींचा आणि मसाल्याचा काळपट भुगा, त्याच्याशिवाय मटण हे आत्याच्या दृष्टीनं आजाऱ्याचं जेवण. पहिल्याच घासाला मामा ओरडायचे, "अगं, लँकशरमदी येसर नसतं!" "म्हणूनच राज्य गेलं त्यांचं," आत्या शांतपणे म्हणायची. दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी आली, तेव्हा सगळा जिल्हा तिच्या नावानं बोटं मोडत होता. मामांनी एकट्यानं तिची मिठातली लापशी केली, बशीत घेतली आणि जाहीर केलं की स्कॉटलंडात हाच नाष्टा असतो. आम्ही पोरं तोंड वाकडं करत होतो, आणि हा माणूस डोळे मिटून चमचा चाटत होता.

पण सगळ्यांत जीव होता तो कॉर्नवॉलच्या करंजीवर. जाड कणकेची तळहाताएवढी करंजी, आत मटण, बटाटा, कांदा आणि मुळा. तिथले खाणीतले मजूर ती न्याहारीला नेत. कुणाची कुठली ते कळावं म्हणून एका कोपऱ्यावर नावाचं पहिलं अक्षर कणकेनं चिकटवायचं आणि दुसऱ्या टोकापासून खात यायचं, म्हणजे अर्धी ठेवली तरी मालक कळतो. मामांच्या वडिलांना अक्षरओळख नव्हती. साहेबाचं एक आणि मेमसाहेबांचं एक, एवढी दोन इंग्रजी अक्षरं ते बघून बघून वळायला शिकले होते. मग एक दिवस शाळेच्या मास्तरांना बाहेरूनच हाक मारून त्यांनी आपल्या पोराचं अक्षर विचारून घेतलं, आणि त्या संध्याकाळच्या डब्यात 'द' लावलेली करंजी आली. "शाळेत नाव घालायच्या आदी मी माझं अक्षर खाल्लंय," मामा अभिमानानं सांगायचे.

आता हे सगळं घरातल्या घरात ठीक होतं हो! पण आमची कमळताई, मामांची एकुलती एक लेक, लग्नाची झाली आणि इंग्लंड आडवं आलं. पहिलं स्थळ आलं, त्यांना मामांनी बसलेलं पुडिंग वाढून ते का बसलं याची कारणं सांगितली. दुसऱ्या स्थळाला लापशी. दोन्ही स्थळं कळवतो म्हणून जी गेली ती गेलीच. तिसरं होतं पालमचं. मुलगा, गंगाधर नावाचा, मास्तर. परभणीच्या अध्यापक विद्यालयात तो ताईच्या एक वर्ष पुढं होता. ताईनं माझा हात घट्ट धरून सांगितलं होतं, "शोभे, हे मोडलं तर मी दुसरीकडं बोहल्यावर चढणार न्हाई." ती काय गंमत करत नव्हती. आत्यानं मामांना शपथ घातली, "आज पोहे. फक्त पोहे. इंग्लंडचं नाव काढलं तर मी माहेरी जाईन." मामांनी कान धरून कबूल केलं.

पण पालमची एसटी वाटेत पंक्चर झाली. अकराला येणारे पाहुणे आले अडीचला. पोह्यांचे खडे झाले होते. मुलगा, त्याची आई आणि काका, तिघं जयभीम करून खाली बसले ते भुकेनं कासावीस होऊनच. स्वयंपाक मांडायला तास लागणार. आत्या रडकुंडीला आली, तेव्हा मामा हळूच म्हणाले, "डब्यात करंज्या हायत. माझ्यापुरत्या केल्या होत्या सकाळी." "तुमच्यापुरत्या? दहा?" आत्यानं विचारलं, पण भांडायला वेळ नव्हता. ताट बाहेर गेलं.

भुकेल्या माणसांनी करंज्या हातात घेतल्या आणि काकांना अक्षरं दिसली. मामांनी मान खाली घालून, कॉर्नवॉलचं नाव न काढता, रीत सांगितली. काका खुश झाले, एकेक अक्षर लावायला लागले. हा द यजमानांचा, हा क मुलीचा, हा श या पोरीचा. शेवटी ताटात एक उरली. मुलाच्या आईनं ती उचलून धरली. "अन्‌ ह्यो ग कुणाचा?"

घरात ग कुणीच नव्हता. पण सकाळी ताईला तो ग वळताना मी पाहिलं होतं. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेते ते उखाण्यात, तेही लग्न झाल्यावर. आत्यानं आयुष्यात मामांना 'अहो'च्या पुढं काही म्हटलं नव्हतं. आणि इथं बघायच्या दिवशीच नाव कणकेत काढून ताटात ठेवलेलं! मामा घाईनं म्हणाले, "माझी चूक झाली, ते मीच..." पण ताई दारातून स्पष्ट म्हणाली, "न्हाई. मी लावलंय ते." गंगाधरमास्तर कानापर्यंत लाल झाले आणि छताचे पत्रे मोजायला लागले.

"तीस वर्सं झाली," मुलाची आई सावकाश म्हणाली, "ह्याच्या बापाचं नाव मी उखाण्याबिगर घेतलं न्हाई. अन्‌ हिनं पीठ मळतानाच घेतलं." आत्यानं डोळे मिटले. त्या बाईनं करंजी लेकाला दिली नाही, स्वतःच दुसऱ्या टोकानं एक घास घेतला. चावत राहिली. बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "मीठ बेतशीर हाय. ह्यो जिन्नस कुठला म्हणायचा?"

आता हे गृहस्थ कॉर्नवॉलपासून सुरू होणार, खाणीत उतरणार आणि संध्याकाळच्या एसटीपर्यंत वर येणार नाहीत! मामांनी तोंड उघडलं, आत्याकडं पाहिलं, ताईकडं पाहिलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "माझ्या बापाच्या हातचा," ते म्हणाले. "गावात त्याचं कुणी खात न्हवतं."

त्या माउलीनं आणखी एक घास घेतला आणि उरलेली करंजी, ग शाबूत ठेवून, लेकाच्या हातात दिली. "खा," ती म्हणाली, "तुझं नाव हाय त्याच्यावर." लग्न ठरलं. आत्या आत जाऊन मनसोक्त रडली आणि मामांनी त्याच आनंदात संध्याकाळी पुडिंग लावलं. ते बसलं.

आता शेडमधली वाफेची इंजिनं गेली, क्वार्टर गेलं, मामाही गेले. शेवटपर्यंत त्यांचं पुडिंग एकदाही उभं राहिलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते. मालगाडी नसती तर राहिलं असतं, असं मी आता सगळ्यांना ठासून सांगते. कमळताई पालमहून एसटीच्या ड्रायव्हरजवळ अधूनमधून डबा पाठवते. त्यात प्रत्येकाच्या अक्षराची करंजी असते, आणि एक 'द' अजूनही असतो. तो आत्या घेते. मामांसारखीच दुसऱ्या टोकापासून खात येते, आणि अक्षराचा तेवढा कोपरा हातात धरून थोडा वेळ बसते. जन्मात जे नाव तोंडातून काढलं नाही, ते एवढंसं बोटांत. मग तो तुकडा तोंडात टाकते आणि पदरानं डोळे पुसत म्हणते, "येसर पायजे होतं."