जिथे डोळा लागला नाही

धुळ्याहून जळगावची एसटी धरली तेव्हा आभाळ भरून आलं होतं. मार्गशीर्षातलं आभाळ, ना धड पाऊस ना धड ऊन. कडेच्या शेतांत वेचायचा राहिलेला कापूस भिजून काळपट पडला होता. शेजारी माझे मेव्हणे शांताराम दाजी मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. त्यांच्या सुमनला यावलकडचं स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांना मुलगी पसंत होती, आता आम्ही त्यांचं घर बघायला निघालो होतो. दाजींनी चौकशी इतकी केली होती, की त्या घराच्या विहिरीला पाणी किती हे घरच्यांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असावं.

माझं काम वेगळं होतं. मी कुठंही झोपतो. पुण्याहून धुळ्याला बहिणीकडे येतो तेव्हा उभ्यानंसुद्धा झोप काढतो, आणि त्यावरून घरात माझी भरपूर चेष्टा होते. निघताना सुमन दारापर्यंत आली नि हळूच म्हणाली, "मामा, बाबा सगळं मोजूनमापून येतील. तुम्ही एवढंच करा, जेवण झालं की तिथं आडवे व्हा. तुम्हाला झोप लागली तर मलाही लागेल."

मी हसलो. ती हसली नव्हती.

पारोळ्याचा किल्ला मी आजवर पाहिलेला नाही, कारण पारोळ्याला मी नेहमी झोपेतच असतो. एरंडोलच्या अलीकडे चाक पंक्चर झालं तेव्हा जागा झालो, तर माझं डोकं दुसऱ्या बाजूला बसलेल्या म्हातारीच्या मेथीच्या टोपलीत.

"झोप भाऊ, झोप," ती म्हणाली. "जीव निवांत शे म्हनीसन झोप येस (जीव निवांत आहे म्हणून झोप येते)."

जळगावला गाडी बदलली, तापी ओलांडली आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या. बाहेरून हिरव्यागार, पण आत नजर टाकली तर भर दुपारी अंधार. मला उगीच उदास वाटू लागलं.

घर मात्र भलतंच चांगलं होतं. सिमेंटचं, नवं, ओट्यावर मोटारसायकल. मुलाचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, हात जोडून पुढे आले. मुलगा गोरा, मोजकं बोलणारा. जेवणात भरीत होतं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी बडगीत (लाकडाच्या भांड्यात) ठेचलेली, वर कांद्याची पात, सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पुऱ्या. आबा आग्रह करत होते, "लाजू नका भाऊ, आपलंच घर हाये."

थोरली सून वाढत होती. तिची नजर आमच्या ताटांवर नव्हती, आबांच्या चेहऱ्यावर होती.

जेवणानंतर मला पडवीत खाट मिळाली. गार हवा, भरलेलं पोट, मऊ गोधडी. मी डोळे मिटले आणि पडून राहिलो. कूस बदलली. पुन्हा बदलली. झोप काही येईना. काय खुपतंय ते बराच वेळ कळलं नाही, मग ध्यानात आलं. घरात चार बायका होत्या आणि आवाज एकही नव्हता. ना बांगडी, ना कुजबूज, ना हसणं.

पाणी प्यायच्या निमित्तानं उठून मोरीकडे गेलो. थोरली सून भांडी घासत होती. दगडावर फडकं अंथरून त्यावर एकेक भांडं अलगद टेकवत होती. मला पाहताच ती दचकली.

"तुम्ही झोपले नाही?" ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "झोपा ना मामा. नाही तर आबा इचारतील, पाव्हन्याले झोप काहून नाही लागली म्हणून."

मी निमूटपणे परत जाऊन डोळे मिटून पडलो. परक्याच्या घरात झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो आणि मला खरोखर भीती वाटत होती.

परतीला जळगाव स्टँडवर दाजी खुशीत होते. "पोऱ्या चांगला शे, घर चांगलं शे, बठ्ठं (सगळं) शे. मंग तुले काय खटकनं?"

मी सांगितलं.

"झोप नही उनी (आली), हाई काय कारण शे का? आन ती भांडा हळू ठेवस, त्याले वळण म्हनतस, वळण!"

चहा पिता पिता मी त्यांच्याच बाजूनं विचार करू लागलो. मोठ्यांची झोप मोडू नये म्हणून जपतात, त्यात वाईट काय? भरिताची मिरचीच बाधली असेल. एवढं सोन्यासारखं स्थळ माझ्या एका डुलकीपायी मोडायचं? चहा संपेपर्यंत मी स्वतःला जवळजवळ पटवलंही होतं. मग एसटी सुटली, आणि स्टँडचं फाटक ओलांडायच्या आत मी घोरत होतो. दाजींनी मला थेट धुळ्यात हलवून उठवलं.

म्हणजे मिरची नव्हती.

सुमन दारातच उभी होती. मुलगा कसा, घर कसं, काहीच विचारलं नाही. "मामा, झोप लागली?"

दाजी माझ्याकडे डोळे वटारून बघत होते.

"नाही गं."

"मग नको," ती म्हणाली आणि आत गेली. त्या रात्री बहिणीच्या घरात कुणी नीट जेवलं नाही, आणि दाजी पुढं कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत. आम्ही बरोबर केलं की चूक, हे आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. यावलकडच्या त्या घराबद्दल वाईट असं कुणाकडून कधी ऐकलं नाही.

सुमन आता धुळ्यातच नांदते, दोन खोल्यांत. तिच्याकडे गेलो की जेवून मी आडवा होतो. मोरीत पातेलं आदळतं, सासू ओरडते, सुमन हसत हसत उलट बोलते, आणि मी झोपतो.

पण एखाद्या वेळी पातेल्याच्या त्या आवाजानंच जाग येते आणि फडक्यावर भांडी ठेवणारी ती थोरली सून आठवते. तिच्या माहेराहूनही कुणीतरी घर बघायला आलं असेल. भरीत जेवून त्याच खाटेवर आडवं झालं असेल. त्याला तिथं छान झोप लागली असेल का? की लागली नाही, आणि परतीच्या वाटेवर त्यानं स्वतःला समजावलं, की मिरची बाधली असेल?

मग मला सुमनच्या घरातही झोप येत नाही.