युद्धातली बदली

आखातात युद्ध पेटलं आणि काळाचौकीच्या आमच्या गाळ्यात मालवणी मसाल्याची खोकी छताला टेकली. हा माल तिकडच्या कोकणी कामगारांसाठी जायचा, आणि आता जहाजंच थांबली होती. तेरा बायका मसाला भाजायच्या, कुटायच्या, पाकिटं भरायच्या. बहुतेकींच्या घरातली गिरणीची नोकरी संपात गेलेली. मी नुकतीच बी.कॉम. होऊन त्यांच्यावर देखरेखीला आले होते. मिरची कधी भाजली नव्हती, पण मतं भरपूर होती.

युद्धात धंदा टिकवायचा तर ओझं कमी करावं लागतं, असं शेठ कुठल्याशा व्याख्यानात ऐकून आले. अर्ध्या बायका काढ म्हणाले. मला ते पटलं, हे कबूल करते. हाताच्या वेगावर मी यादी केली. पहिलंच नाव एका वयस्क मावशीचं. ती पूर्वी गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती. एकही नाव आवडीनिवडीने घातलं नाही, याचा मला अभिमानच वाटत होता.

यादी मी जेवणाच्या सुट्टीत वाचली. निदान जेवू तरी द्यायला हवं होतं. कोणी रडलं नाही. मावशीने हात धुतले आणि म्हणाली, "काढायची कशाला? बदली लाव."

गिरणीत कायमचा कामगार आला नाही की त्याच्या जागी ज्याला उभं करत, तो बदली. मावशीने तो शब्द जरा ताणला. एका जागेवर दोघी. तीन दिवस ही, तीन दिवस तिची बदली. पगार अर्धा, पण नोकरी कोणाचीच जात नाही. शिवाय जहाजं सुटली की शेठना तयार हात शोधत फिरायला नको. मला रागच आला, कारण माझ्या पदवीला हे सुचलं नव्हतं. शेठना मात्र लगेच पटलं.

मी वहीत जोड्या लिहायला घेतल्या. सहा झाल्या आणि मावशी एकटी उरली. ती वाकून बघत होती.

"आणि तुझी बदली कोण?"

ती थट्टा करत नव्हती. मी माझ्या नावापुढे तिचं नाव लिहिलं.

युद्ध फार चाललं नाही. माल पुन्हा निघाला तेव्हा तेराही जणी जागेवर होत्या, आणि शेजारचे गाळेवाले बायका शोधत फिरत होते. मला मात्र आठवतो तो माझ्या सुट्टीचा पहिला गुरुवार. वडील संपापासून घरीच होते, आणि कामाच्या दिवशी दुपारी मी घरी कधीच नसे. जेवण झाल्यावर त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, नाक्यापर्यंत गेले, परत आले, शर्ट काढून खुंटीला लावला. थोड्या वेळाने पुन्हा तोच शर्ट घातला.

कुठे जाताय, म्हणून मी विचारलं. ते दारातच थांबले.

"कुठे नाय गं. तू घरी आहेस, तुझ्यासमोर नुसतं बसवत नाय, म्हणून जरा जातो."