अर्ध्यावर टाचणी

अण्णा कॉमिक अर्धंच वाचायचे. मधलं पान आलं की पुढची सगळी पानं एकत्र धरून कडेला टाचण्या लावायचे, अंक खाकी कागदात गुंडाळायचे आणि पोस्टात टाकायचे. पत्ता धाकट्या भावाचा, मधूचा. मधू फौजेत होता. तो टाचण्या काढून अख्खं कॉमिक वाचायचा आणि परत पाठवायचा. मग अण्णा आपलं राहिलेलं अर्धं वाचत. तोवर कधी कधी पुढचा अंक एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर येऊन पडलेला असे, पण अण्णा त्याला हात लावत नसत. "शेवट आधी त्यानं वाचायचा. धाकटा हाय," एवढंच त्यांचं कारण.

मी तेव्हा नगरला एका कचेरीत हिशेबाच्या टेबलावर नुकताच लागलो होतो आणि भिंगारमध्ये अण्णांच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेऊन राहत होतो. अण्णा लष्करी गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात फिटर होते. वय पस्तिशीच्या आसपास, मनगटं रुंद, मिशा जाड, नखांत कायमचं काळं ऑइल. मूळ गाव पारनेरकडचं. घरात ते आणि त्यांची आई. आईला सगळी गल्ली 'बाई' म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणायचो. अशा भारदस्त माणसाच्या हातात मी पहिल्यांदा गगनकेतूचं कॉमिक पाहिलं तेव्हा मला हसू आलं नाही, धीर आला. कारण माझ्या ट्रंकेतही कपड्यांखाली तेच अंक होते. वर्तमानपत्रात घडी करून मी ते चोरून आणत असे.

गगनकेतू आता कुणाला आठवत नसेल. अंगाला चिकटलेला निळा पोशाख, खांद्यावरून मागे सोडलेलं पिवळं कापड, डोळ्यांवर मुखवटा. उजवा हात वर केला की तो उडायचा. छपाई यथातथाच. निळा रंग रेघेबाहेर सांडलेला असायचा, पिवळा कापडावर कमी आणि आभाळात जास्त. तरी नवा अंक उघडला की शाईचा जो वास यायचा, तो पुढे मला कुठल्याही छापील कागदाला आला नाही.

माझी खोड हिशेब तपासण्याची. मी एकदा अण्णांना म्हटलं, "मागच्या अंकात पूल कोसळायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात हा समुद्रावरून येऊच शकत नाही." अण्णांनी पान उलटलं नाही, फक्त वर पाहिलं. "कारकूनसाहेब, तुमचा वेग कचेरीतला हाय. त्याचा त्याला राहू द्या."

सार्वजनिक नळाच्या रांगेतही ते वाचत. पाऊस नीट झालेला नव्हता, पाणी कमी दाबानं यायचं, रांग लांब असायची. अण्णा वाचताना ओठ हलवायचे आणि त्यांच्या पुढून बायका हंडे सरकवून जायच्या. एक शेजारीण रोज टोमणा मारायची, "अण्णा, तुमच्या त्या उडणाऱ्याला सांगा की, येताना चार हंडे मुळा नदीवरून घिऊन ये म्हनावं." अण्णा म्हणायचे, "सांगतो. पण मधूची परवानगी लागंल." सगळी रांग हसायची, अण्णाही हसायचे, आणि बादली घेऊन पुन्हा शेवटी उभे राहायचे.

त्यांनी गगनकेतू लाकडाचा करायला घेतला होता. कारखान्यात सुटे भाग ज्या देवदारी खोक्यांतून येत, त्यांच्या टाकाऊ फळ्या ते साहेबांना विचारून घरी आणत. रात्रीचं जेवण झालं की पडवीत बसून कोरत. सव्वा वीत उंचीचा पुतळा. मान वळायची, गुडघे वाकायचे, कोपरं दुमडायची. सांध्यांत सायकलच्या स्पोकचे तुकडे पिना म्हणून बसवले होते. बाजारात तेव्हा असलं खेळणं नव्हतं. मातीचे बैल आणि लाकडी ठकी, याच्या पलीकडे आमच्याकडे कुणी काही पाहिलं नव्हतं. मुखवटा जुन्या बुटाच्या जिभेचा, मागे दोरी बांधलेला, काढता-घालता येणारा.

एके दिवशी अण्णांनी तो मुखवटा सोडला आणि पुतळा माझ्यासमोर धरला. आत मधूचा चेहरा होता, घरातल्या फोटोत मी पाहिलेला. जाड भुवया, डावीकडे किंचित वाकडं नाक, हसायच्या बेतात असलेले ओठ. कॉमिकमध्ये गगनकेतूचा चेहरा कधीच दाखवत नसत. दोघा भावांचा त्यावरून लहानपणापासून वाद होता, मुखवट्याआड कोण असेल म्हणून.

"रजेवर आला की हातात देणार," अण्णा म्हणाले. "म्हणणार, काढ मुखवटा. बघ कोन हाय."

अडलं होतं उजव्या खांद्यावर. हात वर जायचा, पण तिथे राहायचा नाही. सोडला की खाली पडायचा. अण्णांनी पत्र्याची चकती घालून पाहिली, वायसर घातला, बारीक स्प्रिंगही बसवली. लोखंडाचे जेवढे उपाय त्यांना येत होते तेवढे त्यांनी त्या लाकडाच्या खांद्यावर केले. भोक मात्र प्रत्येक वेळी आणखी मोठं झालं. मी म्हटलं, "अण्णा, हात खाली असला तरी काय बिघडलं? चेहरा तर हुबेहूब आहे."

"हात वर राहत न्हाई तो उडणार कसा? मग ती बाहुली झाली. भावाला बाहुली देऊ व्हय?"

दसऱ्याच्या सुमारास मधू रजेवर आला. चेहरा अगदी पुतळ्यासारखा, म्हणजे उलट म्हणायला हवं, पण मी पुतळा आधी पाहिला होता. आल्या दिवशी संध्याकाळी दोघे भाऊ पडवीत बसले आणि जुने अंक काढून पात्रांचे आवाज काढत वाचू लागले. मधू गगनकेतू, अण्णा खलनायक. बाई चुलीपाशी बसून म्हणाल्या, "एक सरकारी कारखान्यात हाय, एक सरकारी पलटणीत. सरकारचं कसं व्हायचं गं बया!"

पुतळा खोलीतल्या हत्यारांच्या पेटीत फडक्यात गुंडाळलेला होता. मधू झोपला की अण्णा तो बाहेर काढत, खांदा खोलत, परत बसवत. रजा अजून बरीच शिल्लक होती, आणि अण्णांना खात्री होती की जायच्या आत जमेल. पण मधूला रजा तोडून बोलावणं आलं. सीमेवर वातावरण तापलं होतं.

आम्ही दोघे त्याला नगर स्टेशनवर सोडायला गेलो. नवा अंक आदल्या दिवशीच आला होता. अण्णांनी रात्रीतून आपलं अर्धं वाचून टाचण्या लावून ठेवला होता. तो त्यांनी मधूच्या हातात दिला आणि म्हणाले, "पुढल्या खेपेला एक वस्तू दावायची हाय तुला."

"आत्ता दाव की! घेऊन का न्हाई आलास?"

"पुरी न्हाई झाली."

"अण्णा, तुझं एक काम पुरं हुईल तर शपथ," मधू खिडकीतून ओरडला. गाडी हलली होती. त्यानं उजवा हात वर केला, गगनकेतूसारखा, आणि डबा दिसेनासा होईपर्यंत तसाच ठेवला.

डिसेंबरात लढाई झाली. तार आली तेव्हा अण्णा कामावर होते. मीच ती वाचली आणि मीच त्यांना आणायला कारखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही. शरीर आलं नाही, तिकडेच अग्नी दिला. पुढे त्याचं सामान आलं. त्यात कपडे होते, घड्याळ होतं, दाढीचा डबा होता. कॉमिक नव्हतं.

पुढचा अंक स्टँडवर आला. मी दोन प्रती घेतल्या आणि एक अण्णांपुढे ठेवली. त्यांनी ती सरळ करून माझ्याकडे परत सरकवली. "मागल्याचा शेवट ठावं न्हाई, तर पुढला कसा वाचू?"

"मागचा माझ्याकडे आहे, अण्णा."

"असंल. सांगू नका."

आमच्या भागात तरणा, बिनलग्नाचा पोर असा गेला की त्याला घरचा वीर म्हणून देव्हाऱ्यात बसवतात. सोनाराकडून चांदीचा छोटा टाक करून घेतात. धुळवडीच्या दिवशी असे घरोघरचे वीर तांबड्या फडक्यात घेऊन, हलगीच्या तालावर नाचवत पाण्यावर नेतात, आंघोळ घालतात आणि परत आणतात. शिमगा जवळ आला तसा बाईंनी टाकाचा विषय काढला. अण्णा "बघू" म्हणत राहिले. एक दिवस बाई खिळा शोधायला हत्यारांची पेटी उघडून बसल्या, आणि फडक्यातला पुतळा त्यांच्या हाती लागला. त्यांनी मुखवट्याची दोरी सोडली.

अण्णा कामावरून आले तेव्हा पुतळा देव्हाऱ्यात होता. कपाळाला हळद-कुंकू, पुढे गुळाचा खडा. मुखवटा नव्हता. तो बाईंनी चुलीत घातला होता.

अण्णा उंबऱ्यातच थांबले. "आई, ते खेळणं हाय गं."

"खेळनं कसलं? माझा मधू हाय."

"त्याचा हात अजून..."

"हात-बीत काय न्हाई. तोंड बघ त्याचं." बाई वळल्यासुद्धा नाहीत. "कवा केलास? पोरगं घरात हुतं तवा दिला का न्हाईस त्याला?"

मोरीवर जाऊन अण्णा हाताचं ऑइल घासत राहिले. हात लाल झाले तरी घासत होते.

धुळवडीला वीर नाचवायचा मान थोरल्या भावाचा. अण्णा कधी कुणाच्या वरातीतही नाचले नव्हते. त्या दिवशी हलगी सुरू झाली आणि ते पुतळा दोन्ही हातांत धरून नुसते चालू लागले. कडेचे लोक म्हणाले, "अण्णा, नाचवा! वीर चालत न्हाई न्यायचा!" तेव्हा त्यांनी पाय उचलले. नाचणं म्हणवणार नाही असं ते नाचणं होतं. पुतळ्याचा उजवा हात प्रत्येक पावलाला वर जाऊन खाली पडत होता.

ओढा कोरडा होता. वीर विहिरीवर नेले. तिथे एका पितळी परातीत पाणी काढून सगळ्यांचे टाक त्यात ठेवले होते. चांदीच्या त्या लहान लहान टाकांमध्ये अण्णांचा निळा पुतळा आडवा झाला. पूजा, नारळ, आरती यांत बराच वेळ गेला. मग अण्णांनी पुतळा उचलला, पुसला, आणि सवयीनं त्याचा उजवा हात वर केला.

तो वरच राहिला.

अण्णांनी पुतळा हलवला. हात वरच. उलटा केला, तरी हात जागचा हलला नाही. आजूबाजूला एकच गलका झाला, "वीरानं हात वर केला!" बायका पुढे येऊन पाया पडू लागल्या. बाई जमिनीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. हलगीवाल्यानं ताल वाढवला.

अण्णा माझ्याकडे वळले. तसा चेहरा मी त्यानंतर कुणाचाही पाहिला नाही. "लाकूड फुगलं," ते माझ्या कानाशी म्हणाले. "पाण्यानं सांधा आवळला. कुन्या सुताराला इचारलं असतं तर एका शब्दात सांगितलं असतं त्यानं. एक तांब्याभर पानी, कारकूनसाहेब. एवढंच करायचं हुतं. अन् मी स्प्रिंगा बसवत बसलो."

त्यांनी नंतर काही कोरलं नाही. पुढच्या वर्षी दुष्काळ आणखी कडक झाला. मीही बदली होऊन दुसऱ्या तालुक्याला गेलो, लग्न झालं, संसार सुरू झाला. गगनकेतूचे अंक मध्येच कधीतरी बंद पडले. माझा गठ्ठा एका घरबदलीत वाळवीनं खाल्ला, ती हळहळ अजून गेलेली नाही. एक अंक तेवढा वेगळा ठेवला होता म्हणून वाचला.

गेल्या शिमग्याला मी भिंगारला गेलो. आता नगरजवळ केडगावात घर बांधलं आहे, अंतर काही फार नाही, पण जाणं होत नव्हतं. निघताना माझ्या धाकट्या मुलानं दार अडवलं. त्याच्या हातात प्लास्टिकचा परदेशी थाटाचा वीरपुरुष होता. त्याचा हात कुठेही ठेवला तरी तिथेच राहतो, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

बाई जाऊन बरीच वर्षं झाली. अण्णा निवृत्त झाले, मिशा पांढऱ्या झाल्या. पुतळा देव्हाऱ्यात तसाच होता. निळा रंग उडालेला, नाक हळदीखाली बुजलेलं, हात खाली. वर्षभर लाकूड वाळतं आणि हात पडतो, अण्णांनी सांगितलं. धुळवडीला पाण्यात घातलं की पुन्हा वर राहतो. लोकांना ते ठाऊक आहे, तरी दरवर्षी बघायला येतात.

आम्ही दोघांनीच पुतळा विहिरीवर नेला. अण्णांना आता नाचवत नाही. परातीपाशी बसून त्यांनी तो पाण्यात ठेवला आणि वाट बघत राहिले. मग एकदम, माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या अंकाच्या शेवटी काय झालं हो?"

कुठल्या अंकाच्या, हे मला विचारावं लागलं नाही. "गगनकेतू खाणीत अडकलेला असतो, आत पाणी शिरलेलं," मी म्हणालो. "वरून दगड टाकून तोंड बंद केलेलं. तिथपर्यंत तुम्ही वाचलं होतं."

"व्हय."

"पुढची सहा-सात पानं तो दिसतच नाही. गावातले लोक दिवे विझवून घरी जातात. शेवटच्या पानावर दगड फुटतो आणि तो बाहेर येतो."

अण्णांनी मान हलवली. "आलाच असणार," ते म्हणाले. "तो येतोच."

मग त्यांनी पुतळा पाण्यातून काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि त्याचा हात वर केला.