पुढच्या शिडाचं माप

परवा तुळिंजच्या दुकानात पडद्यांचं कापड बघताना कोऱ्या मांजरपाटाचा वास आला आणि मी थेट राजोडीच्या किनाऱ्यावर पोचले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या होडीचं पुढचं शीड फाटलं होतं. होडी वाळूवर आणि घरात चूल एकवेळ. मामाने कसाबसा एक तागा आणून दिला. तो चुकीचा कापला गेला असता, तर दुसरा मिळणार नव्हता.

मी बारावी सायन्सला होते, तेव्हा माप मीच काढणार म्हणाले. डोलकाठीची लांबी घेतली, तिच्या बुडापासून होडीच्या नाकापर्यंतचं अंतर घेतलं, काटकोन त्रिकोण मांडला आणि वहीत उत्तर काढलं. कात्रीही उचलली.

"थांब गो," बाबा म्हणाले. "काठी तुला सरळ उभी दिसते?"

मी नीट पाहिलं. काठी चांगलीच पुढे झुकलेली होती. काटकोन नव्हताच.

शाळेत कधी न गेलेल्या बाबांनी काठीच्या टोकापासून नाकापर्यंत दोर ताणला आणि दोन्ही हात पसरून तो वावेने मोजला. माझ्या उत्तरापेक्षा हातभर कमी भरला. त्यातूनही त्यांनी वीतभर सोडलं.

"हे कशाला?"

"कापड वाऱ्यानं लांबतं. तुझ्या वहीत वारा लिवलाय का?"

आई खो खो हसली. मला तेव्हा राग आला होता. आज मात्र त्या पसरलेल्या हातांचं नवल वाटतं.

शीड नेमकं बसलं. त्याच शिडाने माझी फी भरली आणि मी गणितात बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली.